अडतीस हजार चारशे मगज

अक्रोड झाडावरून पडतो तेव्हा दोनदा वाजतो, एकदा पानांत आणि एकदा जमिनीवर. आमच्या दोन्या ल्युस्का गावात सप्टेंबरअखेर हा आवाज दिवसभर चालतो. त्या दिवसांत गाव हळू बोलतं, कारण कुणाच्या झाडाचं किती पडलं ते आम्ही कानाने मोजतो. पुढे खरं मोजमाप सहकारी संस्थेच्या काट्यावर होतं. काट्यावर मी असतो आणि काट्याचा आकडा जिथे जाऊन बसतो तिथे वुकोसावा असते. गाव तिला वुका म्हणतं.

वुका एकोणिसाव्या वर्षी संस्थेत लागली ती निवडीच्या टेबलावर. तिथे बायका अक्रोड फोडतात आणि आतला मगज वेगळा करतात. अखंड अर्धुकं एकीकडे, तुकडे दुसरीकडे, चुरा तिसरीकडे. वुकाची बोटं अशी की बुरशीचा मगज ती न बघता बाजूला सारायची आणि तोंडाने गप्पा चालू. वीस वर्षं ती त्या टेबलावर होती. मग संस्थेने कॉम्प्युटर घेतला, तो शिकायला दोन शिकलेल्या माणसांना शहरात पाठवलं. एक तिथूनच ऑस्ट्रियाला गेला, तो नाताळला शुभेच्छा पाठवतो. दुसरा परत आला, पण त्याला त्या यंत्राची भीती बसली होती. पुस्तक तेवढं उरलं. वुकाने ते घरी नेलं आणि शब्दाखाली बोट ठेवून वाचलं, जसं आमच्या म्हाताऱ्या प्रार्थनेचं पुस्तक वाचतात. वसंतात टेबलावरून उठून ती खुर्चीत बसली. त्याला आता बावीस वर्षं झाली.

तिचं काम सांगायला सोपं आहे. तीनशे चाळीस घरांचे अक्रोड, कुठल्या बागेचे, कोणत्या दिवशी, किती वजनाचे, हे सगळं एका मोठ्या कोठारात ठेवायचं. या कोठाराला डेटाबेस म्हणतात. कोठाराला कोठारी लागतो. तो म्हणजे सर्व्हरचं सॉफ्टवेअर. हा कोठारी माणूस नसल्याने पगार मागत नाही, पण ज्यांनी तो घडवला ते त्याच्या परवान्याचे पैसे मागतात. शिवाय काही वर्षांनी त्याचा नवा भाऊ काढतात आणि म्हणतात, जुना आता म्हातारा झाला, त्याची जबाबदारी आम्ही घेणार नाही.

असे नवे भाऊ वुकाने दोनदा परत पाठवले होते.

"शिडीची एक पायरी हलली की लगेच नवी शिडी आणायची नसते," ती म्हणायची. "शेजाऱ्याने नवी आणली की त्याला आधी चढू द्यावं."

पण यंदा पत्र आलं: चौदा जुलैनंतर जुन्या कोठाऱ्याची दुरुस्ती बंद. आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझचा चॉकलेटवाला, जो आमचा जवळजवळ सगळा मगज घेतो, त्याने लगोलग कळवलं की ज्या कोठाऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही त्याच्या नोंदीवर तो विश्वास ठेवणार नाही. म्हणजे चौदा जुलैच्या आत नवा परवाना घेणं आलं. वुकाने तारीखही मनाशी पक्की केली होती. बावीस वर्षांत परवानेवाल्यांचे फोन कधी येतात ते तिने टिपून ठेवलं होतं. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर, या चार महिन्यांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा आवाज मधासारखा असतो. तिमाही संपते, त्यांना वर आकडा दाखवायचा असतो. एक तारखेनंतर तेच लोक फोन उचलत नाहीत.

"अंधार पडताना कलिंगडवाल्याकडे जावं," वुका म्हणाली. "तीस जूनला बोलवा. दुपारी."

इथवर सगळं ठीक होतं. मग संस्थेचे डायरेक्टर तिहोमिर यांनी अर्ज स्वतः भरला.

तिहोमिर पूर्वी फुटबॉलचे पंच होते. शिट्टी वाजवली की प्रश्न मिटतो अशी त्यांची समजूत आहे. परवान्याच्या अर्जावर "जबाबदार व्यक्तीने भरावा" असं छापलेलं होतं. वुका त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती, आणि जबाबदार व्यक्ती म्हटल्यावर तिहोमिर दुसऱ्या कुणाचं नाव घेणार? त्यांनी पेन काढलं. चौथा प्रश्न होता: "आपल्या संस्थेत एकूण किती मगज आहेत?"

आता, कॉम्प्युटरच्या पोटात विचार करणारे कप्पे असतात. नवे परवाने त्या कप्प्यांच्या संख्येवर विकतात. जितके कप्पे तितके पैसे. आणि आमच्या भाषेत त्या कप्प्याला आणि अक्रोडातल्या गराला एकच शब्द आहे. जगात दुसरीकडे कुठे हा प्रश्न विचारला असता तर डायरेक्टर अडखळले असते. आमच्याकडे त्यांनी खिडकीतून मला हाक मारली.

"अरे, गेल्या हंगामाचा मगज किती निघाला?"

"अडतीस हजार चारशे," मी म्हणालो. किलो म्हणायची गरज वाटली नाही. काट्यावरचा माणूस दुसरं कशात मोजणार?

त्यांनी आकडा लिहिला, शिक्का मारला, पाठवून दिला.

चार दिवसांनी उत्तर आलं. पहिल्या ओळीत आमचं अभिनंदन होतं. दुसऱ्या ओळीत किंमत होती. ती ओळीत मावली नव्हती, उरलेली शून्यं खाली उतरली होती. तिहोमिरनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि त्यांना फक्त एवढं समजलं की परदेशी कंपनीने आमच्या मगजावर कर बसवला आहे. त्यांनी लगेच सभा बोलावली.

त्या सभेला जे आले नाहीत ते अजून हळहळतात.

"प्रत्येक मगजावर?" पेतकाना नावाची आमची एक सभासद ओरडली. "माझ्या झाडाला खत मी घातलं, कीड मी काढली, आणि मगजावर पैसे यांना?"

"आपण फोडायचेच नाहीत," मागून कुणी सुचवलं. "कवचासकट दाखवू. आत काय आहे ते देवाला माहीत."

"हिवाळ्यात दाखवू, निम्मे उंदरांनी खाल्लेले असतात."

म्हातारा प्रोदान उभा राहिला. त्याच्याकडे गावातली सर्वांत जुनी झाडं आहेत आणि सर्वांत लांब भाषणंही. "माझं म्हणणं असं, की ऑगस्टच्या शेवटी कोठार रिकामं असतं. जुना मगज विकलेला, नवा झाडावर. त्या दिवशी घ्या परवाना. त्या दिवशी आपल्याकडे मगज शून्य!"

टाळ्या पडल्या. ठराव लिहायला घेतला. तेवढ्यात वुका आत आली, गाल सुजलेला. तिने अर्जाची प्रत वाचली आणि भिंतीला टेकली. मग तिने सगळ्यांना समजावून सांगितलं, सावकाश, दाताला हात लावून. अक्रोडाचा मगज वेगळा, यंत्राचा वेगळा. आपल्या यंत्रात मगज आहेत दोन.

"दोन?" तिहोमिर म्हणाले. "फक्त?"

"तुमच्यापेक्षा जास्तच आहेत, डायरेक्टर," पेतकाना म्हणाली.

हसू ओसरल्यावर तिहोमिरनी पंचाचा चेहरा लावला. चूक त्यांची होती, म्हणून शिक्षा दुसऱ्या कुणाला तरी व्हायला हवी होती. ते म्हणाले की या परवान्यावर संस्था ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांच्या किमतीपेक्षा एक दिनारही जास्त देणार नाही, कारण ट्रॅक्टरला टायर घ्यायचेच आहेत आणि ते पैसे बाजूला काढलेले आहेत. तेवढ्यात बसलं तर ठीक. नाही तर पुन्हा वह्या, ग्राझवाल्याच्या जागी दुसरा कुणी शोधू, आणि खुर्चीचं काम संपलं म्हणून वुका परत टेबलावर.

वुकाच्या बोटांची पेरं आता गाठाळली आहेत. सकाळी तिला दुधाच्या बाटलीचं झाकण उघडत नाही. पेन्शनला तिची चार वर्षं उरली होती. अक्रोड फोडायची चार वर्षं. तिने फक्त विचारलं, "तीस जून पक्कं ना?"

तीस जूनला सकाळी अकराला काळी गाडी आली. लिंडनची झाडं तेव्हा फुललेली असतात, सगळ्या गावाला मधाचा वास. गाडीतून परवानेवाल्यांचा रेल्या नावाचा तरणा गृहस्थ उतरला. त्याच्या गळ्यात कानावर लावायचे जाड गोळे लोंबत होते. अडतीस हजार मगजांच्या यंत्रशाळेत पंख्यांचा आवाज फार असतो म्हणे.

"भूमिगत आहे का?" त्याने तिहोमिरना हळूच विचारलं. "बाहेरून काहीच दिसत नाही."

तिहोमिर खरं सांगायला निघाले होते, पण त्यांच्याने ते होईना. "आधी बघा तर," ते म्हणाले आणि त्याला गोदामात घेऊन गेले. ओळीने पोती. त्यांनी एकाचं तोंड सोडलं, मूठभर मगज त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हे."

रेल्याने एक अर्धुक उलटून पाहिलं. मग त्याने कानाचे गोळे गळ्यातून काढले.

"मी व्हिएन्नाला कळवलंय," तो म्हणाला. "माझ्या साहेबांनी सगळ्या कंपनीला कळवलंय. या भागातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. रात्री जेवण ठेवलंय त्यांनी माझ्यासाठी."

"मग आधी इथे जेवा," वुका म्हणाली आणि त्याला दंडाला धरून घरी घेऊन गेली.

आमच्याकडे पाहुण्याला का आलात म्हणून विचारत नाहीत. आधी चमचाभर हिरव्या अक्रोडांचा मुरांबा आणि पेलाभर पाणी. मग कॉफी. मग रकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, छोटा पेला. गाडी चालवायची म्हणून त्याने नको म्हटलं तर वुकाने त्याला लिंडनचा चहा दिला, तो प्यायला पेल्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो. मग सूप. सूपातलं मांस वेगळं, सॉसबरोबर. मग भरलेल्या मिरच्या. रेल्या दर पदार्थानंतर कागद काढायचा आणि वुका दर कागदावर ताट ठेवायची.

"मावशी, पाचच्या आत मला काहीतरी नोंदवायला हवं," तो शेवटी म्हणाला. "पाचला तिमाही बंद होते. माझ्या नावावर अडतीस हजार लागलेत आणि हातात शून्य आहे."

"किती वाजले?"

"साडेतीन."

"केक खा," वुका म्हणाली.

चारला ते दोघं संस्थेत आले. गाडी बघून गाव जमलेलंच होतं. ठराव सभेनेच करायचा, म्हणून सगळे बाकांवर बसले. रेल्याने दोन मगजांचं यंत्र पाहिलं. ते जुन्या गुरांच्या दवाखान्याच्या खोलीत असतं, कारण ती थंड आहे. भिंतीवर गाभण गाईचा तक्ता अजून आहे. त्याने तो तक्ताही नीट पाहिला. त्या दिवशी त्याला कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं.

"चार मगजांपेक्षा कमी परवाना आम्ही विकत नाही," तो म्हणाला.

"आहेत दोन आणि पैसे चारचे?" प्रोदानने विचारलं.

"हो, आजोबा."

"मग आमच्या डायरेक्टरांचा पगार कुठल्या पद्धतीने ठरवलाय ते आज कळलं."

चारची किंमत निघाली बारा टायर. तिहोमिरनी वहीकडे पाहिलं, मग वुकाकडे, मग निवडीच्या टेबलाकडे. वुकाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"तुमच्या कागदात आम्ही कितव्या वर्गाचे?" तिने विचारलं.

"पहिल्या. दहा हजार मगजांच्या वरचे सगळे पहिल्या वर्गाचे."

"पहिल्या वर्गाला सूट?"

"पंच्याऐंशी टक्के. पण मावशी, तुम्ही पहिल्या वर्गाचे नाही! तुम्ही कुठल्याच वर्गाचे नाही."

"ते कोण ठरवतं?"

"वर्गांचं खातं वेगळं आहे. तिथल्या बाई..." तो थांबला. "त्या रजेवर आहेत. ऑगस्टपर्यंत."

"त्यांच्याशिवाय वर्ग बदलता येतो?"

"नाही."

"मग आम्ही आज कितव्या वर्गाचे?"

रेल्याने घड्याळ बघितलं. चार वाजून वीस मिनिटं. "पहिल्या," तो म्हणाला.

"कागदावर खोटं एक अक्षर नको," वुका म्हणाली. "अर्ज चुकला असं लिही. यंत्रात दोन मगज, परवाना चारचा, हेही लिही. वर्ग तुमचा तुम्ही लावलेला, तो तुमच्याकडे ठेव."

त्याने सगळं तसंच लिहिलं, वर फोन करून विचारलं. वरच्या माणसाला पाचच्या आत काहीतरी हवंच होतं. शून्यापेक्षा चार बरे, असं तो म्हणाला, आम्हाला बाकांवर ऐकू आलं. बारा टायरांचे पंच्याऐंशी टक्के गेले. दोन टायरांहूनही थोडे कमी उरले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ठराव राहिला होता, आणि प्रोदान उभा राहिला.

"मंडळी," तो म्हणाला, "मला लिहितावाचता थोडं येतं, पण बाजार येतो. परवा या वस्तूची किंमत कागदावर मावत नव्हती. आज चार वाजता ती बारा टायर होती. चार पंचवीसला दोन. मी विचारतो, उद्या सकाळी किती असेल?"

बाकांवर कुजबुज झाली.

"बरोबर आहे," कुणी म्हणालं. "घसरतीये."

"आठवडाभर थांबलो," प्रोदान म्हणाला, "तर हेच आपल्याला दोन टायर देतील."

माना डोलल्या. मीही डोलावली असावी, खोटं कशाला बोलू? वुकाने सांगून पाहिलं की उद्या एक तारीख आहे, उद्या हा माणूस फोनही उचलणार नाही. रेल्याने छातीवर हात ठेवून शपथ घेतली की तो उचलणार नाही. पण विकणाऱ्याची शपथ म्हणजे आमच्याकडे थांबण्याचं आणखी एक कारण. घड्याळात साडेचार वाजून गेले. तिहोमिर थांबण्याचा ठराव लिहायला लागले.

"ठीक आहे," वुका म्हणाली. आवाज साधा. "थांबू. चौदा तारखेपासून वह्या. पण बावीस वर्षांचं आहे ते सगळं वह्यांत उतरवावं लागेल. माझ्या बोटांना ते होणार नाही. टेबलावरच्या बायका लिहितील, मी वाचेन. मोठ्याने वाचावं लागेल, तिथे अक्रोड फोडण्याचा आवाज असतो. खिडक्या उघड्या ठेवू, उकाडा आहे." तिने कागदाचा एक ताव पुढे ओढला. "कसं होईल ते दाखवते. सन दोन हजार अकरा. ऑक्टोबर, आठ तारीख. प्रोदान. वजन चारशे बारा किलो. ओल..."

"मत घ्या!" प्रोदान ओरडला.

आता हे सांगायला हवं. अक्रोड काट्यावर आणायच्या आदल्या दिवशी टाकीत बुडवून ठेवले तर वजन वाढतं. वुका प्रत्येक पोत्यातला एक अक्रोड ओल मोजायच्या यंत्रात घालते, जास्तीचं पाणी वजनातून वजा करते, आकडा लिहिते आणि तोंडाने अवाक्षर काढत नाही. ज्याचं त्याला पैसे मिळाल्यावर कळतं. तो घरी जाऊन टाकी उपडी करतो. बावीस वर्षांत तीनशे चाळीस घरांपैकी एकही घर असं नाही ज्याचं एखादं साल ओलं नाही, आणि प्रत्येक घराला वाटतं की ओलं आपलं एकट्याचंच आहे. माझं चौदा साल आहे.

"मत घ्या म्हणतोय ना!" प्रोदान पुन्हा म्हणाला. "बाजार कळायला मी काय देव आहे का? माणूस एवढ्या लांबून आलाय!"

"मी वाचून तर दाखवते, एकच पान..."

"नको, वुका, आम्हाला कळलं," पेतकाना म्हणाली, आणि ती पुढच्या बाकावरची असून तिने दोन्ही हात वर केले. मागे सगळे हात वर. तिहोमिरनी मोजलेही नाहीत, स्वतःचा हात वर करून ठेवला होता, त्यांचीही एक बाग आहे. चार वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी शिक्का बसला. रेल्याने कागद पाठवला, खुर्चीत बसला आणि स्वतःहून केक मागितला.

नवा कोठारी बसवायचं काम वुकाने अकरा जुलैला, शनिवारी सकाळी केलं. आधी जुन्याच्या तीन प्रती केल्या, एक संस्थेत, एक घरी आणि एक पाद्रीबाबांकडे, ज्यांची अक्रोडाची झाडं नाहीत. मग नव्यात सगळं भरायला सुरुवात केली. काटा तिच्या यंत्राला जोडलेला असतो म्हणून मी दारात उभा होतो. वुकाची बोटं कळांवरून सावकाश चालत होती, एक एक, दुखरी, पण न चुकता.

दहाच्या सुमाराला प्रोदान आला. हातात कोथिंबिरीची जुडी, बायकोने दिली म्हणाला.

"नव्यात सगळी सालं येतात का?"

"सगळी."

"वाटेत एखादं सांडत नाही?"

"नाही, प्रोदान."

तो उभाच. गाभण गाईचा तक्ता वाचत होता, किंवा वाचल्यासारखं करत होता.

"बारा सालही आलं असेल मग," तो म्हणाला. "त्या साली माझे कोरडे होते. हाडासारखे. गच्चीवर तीन आठवडे वाळवले होते मी."

वुकाने कळा दाबल्या. "आलंय. सन दोन हजार बारा, ऑक्टोबर, अकरा तारीख. तीनशे नव्वद किलो. ओल सात टक्के, वजावट नाही."

"किती?"

"सात."

"ऐकू नाही आलं," प्रोदान म्हणाला आणि खिडकी सताड उघडली. अंगणात पेतकाना आणि आणखी चारपाच जणी पाणी भरत होत्या. "मोठ्याने वाच ना."

वुकाने मोठ्याने वाचलं.

"हं," प्रोदान म्हणाला. मग आणखी थोडा वेळ खिडकीत उभा राहिला, बाहेर बघत.

"आता सरक तिथून," वुका म्हणाली, "उजेड अडतोय माझा."